लोखंडी बादलीतलं मोरचूद

मालकाने काणी लागलेलं ज्वारीचं कणीस माझ्या तोंडावर चोळलं. दाण्यांच्या जागी नुसती काळी भुकटी. नाकात गेली, दातांत गेली. मी थुंकले. खळ्यावरची माणसं बघत उभी.

मालक म्हणाला, "तुह्या हाताचा विटाळ लागला माह्या बियाण्याले. मारोतीपुढं नाक घास अन् तसं कबूल कर."

भुकटी काय, तोंड धुतलं की गेली. त्या माणसाची किळस अजून गेली नाही.

पेरणीआधी शेतकी खात्याचा माणूस चावडीवर येऊन सांगून गेला होता. मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, पाण्यात विरघळवा, त्या निळ्या पाण्यात बी बुडवा, सावलीत वाळवा. काणी लागत नाही. पण कालवा मडक्यातच. लोखंडाच्या भांड्यात पाण्यातलं तांबं भांड्यालाच चिकटतं, बियाण्याला काही उरत नाही. मालक पुढे बसून मान डोलवत होता. आम्ही महारवाड्यातली माणसं लांब, उकिरड्याच्या अंगाला उभी राहून ऐकत होतो.

केनवडच्या बाजारातून मोरचूद आलं. विषारी, म्हणून भिजवायला मी. मडकं मागितलं, तर मालकीण ओसरीवरून म्हणाली, "मडक्याले तुहा हात लागला का ते फोडाच लागते."

"मंग माह्या घरचं आनू?"

"तुह्या मडक्यात माहं बी?" मालक खेकसला. "बादली घे. लोखंड आगीत धरलं का चोखं होते."

घेतली बादली. थोड्या वेळात ती आतून लाल झाली. तांब्याचं पूट चढलं. पाण्याचा निळा रंग उडाला, फिकट हिरवट गढूळ पाणी राहिलं. मी म्हटलं, "मालक, तांबं बादलीलेच लागून राह्यलं."

"तुले कोनं इचारलं? बुडव!"

बुडवलं. बोटांची सालं निघाली. त्या पाण्यात काही दम नव्हता, हे त्याला दिसत होतं. तरी तेच बी पेरलं आणि आता खळ्यावर काळी कणसं माझ्या नावावर टाकत होता. शी! कसलं हे जात जपणं!

माझा बाप हात जोडून पुढे आला. मला म्हणाला, "घास वं माय. नाहीतर साऱ्याइचं काम बंद करन थो."

मारोतीच्या ज्या पारावर आम्हाला चढू देत नव्हते, त्याच्या खाली धुळीत नाक घासायचं. आणि म्हणायचं, माझ्या हातातच घाण आहे. एकदा म्हटलं की माझ्या लेकीच्या हातालाही तेच चिकटणार. भीती वाटत होती. पण सगळ्यांदेखत बोलले, "बादली तुमी देल्ली. मी नाक घासत नाई."

त्याच दिवशी महारवाड्याचं काम बंद झालं. शेजारणींनी मला शिव्या घातल्या. घरी बाप चुलीपुढे डोकं धरून बसला. "आता खाशीन काय?"

"मिळन थे खाईन. नाई मिळालं तं उपाशी राहीन. पन माहा हात खराब हाय, हे माह्या तोंडून निघनार नाई."

निघालं नाही. निघणार नाही.