संगीत खुर्ची आणि आबा

चोपड्याला मी विटी मारली की ती थेट सातपुड्यात जाऊन पडायची, त्यामुळे जळगावला मामेभावाच्या वाढदिवसाला संगीत खुर्ची म्हणजे मला पोरखेळ वाटला. बक्षीस होतं दोन मजली कंपासपेटी. ती घेतल्याशिवाय गावात तोंड दाखवायचं नाही, असं मी बसमध्येच ठरवलं होतं.

जळगावची पोरं भारी सुसंस्कृत. कोपर मारलं की लगेच 'सॉरी' म्हणायची. मी नुसतंच कोपर मारायचो. बघता बघता शे-दीडशे पोरं बाद झाली आणि उरलो मी, मामेभाऊ आणि एक खुर्ची.

गाणं थांबलं. मी अशी बैठक मारली की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. मामी पेटी घेऊन निघालीच होती, तेवढ्यात आबा, म्हणजे मामांचे वडील, काठी टेकत आत आले. आबा उभे आणि आपण बसलेलो, हे आमच्याकडे महापाप. डोक्याला कळायच्या आत पाय उठले.

"आबा, बसा ना!"

आबा ऐसपैस बसले आणि हे सगळं काय चाललंय, ते अहिराणीत विचारू लागले. "काय चालू शे रे हाई बठ्ठं?"

मामी ओरडली, "आता आबाच जिंकले! नियम म्हणजे नियम!"

सासऱ्यांसमोर मामीला नियम फार आठवायचे.

टाळ्या पडल्या. आबांनी पेटी उघडून न्याहाळली आणि सगळ्यांदेखत वरच्या मजल्यावर तंबाखू ठेवली, खालच्या मजल्यावर चुना.