सोमवारची शुगर

मला शुगर आहे हे बायकोला माहीत होतं. मी पितो हे माझ्या दोस्ताला माहीत होतं. या दोन गोष्टींची कुठे गाठ पडू नये, एवढी काळजी मी सहा वर्षं घेतली.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. मिळते सगळीकडे, पण सिंदी मेघेसारख्या गावात राहून, कार्यालयात ओळखीच्या माणसांत बसून मला ते जमणारं नव्हतं. शिवाय विहारात रविवारी सकाळी पंचशील मी सांगायचो. मी म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. तिथे माझा आवाज कधी चाचरला नाही. बायांच्या बाजूने बायकोचा आवाज यायचा, थोडा उशिरा, ठाम.

दुपारी दोस्त मोटरसायकल घेऊन चौकात उभा असायचा. नदीचा पूल ओलांडला की दुसरा जिल्हा, आणि तिथे ढाबा. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की पुलापलीकडचं पुलापलीकडेच राहतं, घरात येत नाही. घरी सांगायचो, समाजाचं काम आहे, जेवण तिकडेच. चाळिशी उलटलेला माणूस असं मानू शकतो, हे आज लिहितानाही खरं वाटत नाही. पण मी मानत होतो.

दोस्ताला शुगरचं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने ग्लास भरला नसता. तो तसा भित्रा होता.

रविवारी मी सकाळची गोळी घ्यायचो आणि जेवण टाळायचो. दोन पोळ्या सोडल्या की दोन पेग बसतात, असं माझं गणित. दोस्त कांदा-शेंगदाणे पुढे सरकवायचा.

"काऊन बे, आजही जेवत नाई?"

"पोट जड आहे."

"तुयं पोट रविवारीच जड होते लेका."

रोज सकाळी बायको माझ्या बोटाला सुई टोचून शुगर मोजायची. इतर दिवशी एकशे सत्तर, एकशे ऐंशी. सोमवारी नव्वदच्या आत. उपाशीपोटी दारू पिऊन शुगर उतरते आणि ते उतरणं धोक्याचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, दारू मानवते आहे. बायको कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहायची आणि म्हणायची, "पाहा, विहारात गेले का कशी कमी येते. मन शांत राह्यते ना तुमचं."

मी हो म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. दुसरा ग्लास अर्धा झाला होता आणि हात थरथरायला लागले. शर्ट पाठीला चिकटला. दोस्त काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ दिसत होते. मला 'साखर' म्हणायचं होतं. जीभ वळली नाही.

"चढली याले," तो ढाबेवाल्याला म्हणाला. एवढं मात्र ऐकू आलं. त्याने मला झाडाखालच्या खाटेवर निजवलं, चपला काढून खाटेखाली नीट ठेवल्या. मग मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज. त्या दिवशी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते.

मला वाचवलं एका ट्रकवाल्याने. त्याच्या वडिलांना शुगर होती, तो घाम त्याने ओळखला. गालात साखर चोळली आणि दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथून बायकोला फोन गेला. दोस्ताचा फोन दिवसभर बंद होता.

दारूचं बायकोला असं कळलं. ती माझ्यावर ओरडली नाही. तिने सगळा राग त्याच्यावर काढला. यानेच नादी लावलं, आणि शुगरच्या माणसाला मरायला टाकून पळाला. नातेवाइकांत, विहारात तेच पसरलं. मी दारू सोडली, विहारात पंचशील मीच सांगत राहिलो, आणि शुगरचं त्याला माहीतच नव्हतं हे कुणाला सांगितलं नाही. गप्प राहणं मला अवघड नव्हतं, कारण मलाही त्याने दगा दिला असंच वाटत होतं. त्या नीट ठेवलेल्या चपला आजही आठवतात. चढलेल्या माणसालाही कोणी असं सोडून जात नाही.

मागच्या महिन्यात तो फाटकाशी आला. हातात रिपोर्ट. त्यालाही शुगर निघाली होती.

"वहिनी, खायाचं काय काय बंद करावं लागते, तेवढं सांगजा."

बायको ओट्यावरून उठली नाही. "तेव्हा नाई आठवली वहिनी? शुगरचा माणूस खाटेवर टाकून आले तुम्ही, भाऊजी."

"मले काय माहीत होतं वहिनी, शुगर आहे म्हणून? मले वाटलं, चढली." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "कितीदा इचारलं, काऊन जेवत नाई. म्हणे, पोट जड आहे."

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही भाऊजीले शुगरचं सांगतलंच नव्हतं?"

"नाही."

"पोळ्या सोडत होते? गोळी घेऊन?"

"हो."

ती उठून आत गेली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि सोमवारच्या चौकटी पाहत राहिली. जुनं कॅलेंडर तर केव्हाच रद्दीत गेलं होतं, हे चालू वर्षाचं, पण तिला ते सोमवार आठवत असणार. दोस्त फाटकाशी उभाच होता. शेवटी तीच म्हणाली, "बसा भाऊजी. चहा बिनसाखरेचा देतो." दोन वर्षांनी तो आमच्या घरात बसला. त्याची माफी मला हवी होती आणि माझी त्याला, पण दोघांनीही चहाच संपवला.

त्या रविवारी विहारात मी पंचशील सांगायला दुसऱ्याला पुढे केलं.

सोमवारी सकाळी बायकोने शुगर मोजायचं मशीन माझ्यासमोर ठेवलं. "आता तुमचं तुम्हीच टोचा."

मी टोचलं. एकशे बासष्ट. चौकटीत लिहिलं. ती जवळ आली, मशीन उचललं आणि बटण दाबून आत साठलेला आकडा काढला. कॅलेंडरशी ताडून पाहिला. जुळत होता.

मशीन खाली ठेवून ती पोळ्या लाटायला गेली. तेव्हापासून रोज सकाळी ती बटण दाबून पाहते.