म्हशीच्या घमेल्यातला धोतरा

आमच्या मोठीमायनं, म्हणजे मोठ्या काकूनं, पाखडलेल्या तुरीत खडा सापडला तर तो तिनं मुद्दाम ठेवला असन, असं समजाचं. आधी सूप, मंग चाळणी, मंग चष्मा लावून वेचणं. देवाच्या तांदळाले एवढी सेवा भेटत नाई. अन् खाली जे उरते, फुटके दाणे, टरफलं, गवताचं बी, ते फेकाचं नाई. "अन्न हाये ते." ते सारं चाळण सरकीच्या ढेपीत भिजवून म्हशीच्या घमेल्यात.

औंदा धुऱ्यावरची, बांधाकडची तूर घरी आली, पाखडली, चाळण म्हशीनं खाल्लं. म्हैस गाभण, दिवस भरत आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं पोट टम्म, रवंथ बंद, अन् डोळे एवढे मोठे का त्यात आपलं अख्खं घर दिसावं. दोन पावलं टाकून खुंट्यालेच धडकली.

"दारू पिल्यावानी करून राह्यली," मोठेबाबा म्हणाले.

"तुमाले बराच अनुभव!" मोठीमाय बोलली. मंग माह्याकडं वळली. "तूच हाये! परवा तिची नक्कल काहून केलती? नजर लागली तिले." तिनं मीठ-मिरची ओवाळली. म्हैस शिंकलीबी नाई.

मोठेबाबानं गुरांच्या डॉक्टरले फोन लावला. डॉक्टर एमपीतले, हिंदी बोलणारे; मलाजखंडच्या रोडवर होते.

"चलती कैसे है?"

"चलती... म्हणजे... अशी चलती," मोठेबाबा हात हलवून फोनले दाखवत होते.

मी फोन घेतला, व्हिडिओ लावून भिंतीले टेकवला अन् आंगणात म्हैस झालो. मागचे पाय फाकवले, झोलत गेलो, खुंट्यावर डोकं आपटलं.

"नौटंकी मत कर बे!" मंग जरा थांबून, "रुक. फिर से कर. मुँह?"

"सूखा, सर. एकदम पापड."

"आँख?"

मी डोळे ताणून दाखवले.

"क्या खिलाया?"

मागून मोठीमाय गरजली, "सांग त्याइले, आमच्या घरी साफ केल्याबिगर दाणा हालत नाई!"

"अम्मा, साफ करने के बाद जो बचा, वो किसने खाया?"

मी उरलेलं चाळण मूठभर आणून फोनपुढं धरलं. त्यात चपटं, भुरं बी होतं. बरंच.

"मिरचीचं हाये ते," मोठीमाय हळू आवाजात म्हणाली.

"धतूरा है, अम्मा. जहर है. वो चारा हटाओ, छाँव में बाँधो, जबरदस्ती पानी मत पिलाना. आ रहा हूँ."

धुऱ्यावर धोतरा उगवतेच. तुरीसंग कापल्या गेला, तुरीसंग मळल्या गेला. आमच्या ताटातून मोठीमायनं एक एक बी काढलं, अन् सारं गोळा करून लाडक्या म्हशीले चारलं.

डॉक्टर आले. नळीनं कोळशाची पूड पाण्यात कालवून पोटात घातली, सलाईन लावली. "शाम तक जुगाली शुरू हुई तो समझो बच गई. नहीं तो बच्चा भी..." जुगाली म्हणजे रवंथ.

दुपार सरली. मोठीमाय म्हशीपुढं भुईवर बसून होती. जेवली नाई. "माह्या हातानं देल्लं ना," एवढंच म्हणे.

तिले हसवावं म्हणून मी बाजूले बसलो अन् तोंड हलवू लागलो. डावा गाल, उजवा गाल, डोळे अर्धे मिटून, अस्सल म्हशीचा रवंथ. वाटलं, आता चप्पल येते.

"कर," ती म्हणाली. "तिच्या समोर बसून कर. पाहू दे तिले."

आता इनकार कसा कराचा? केला. जबडा दुखला तरी केला. मोठेबाबा दारातून पाहून गेले.

उन्हं उतरता उतरता म्हशीच्या गळ्यात एक गोळा वर सरकला. खालचा जबडा एकदा हालला. थांबला. परत हालला.

मी तसाच चावत होतो. मोठीमायनं माह्या तोंडावर हात ठेवला.

"बस कर आता तुहं. तिले करू दे."