यमुनाला उचलताना

माझी बायको यमुना जाऊन पाच आठवडे झाले. जायच्या अकरा दिवस आधी मी तिला खाटेवरून उचललं आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. हे मी डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. नुसतं पोटात ठेवून बसायची आता भीती वाटते, म्हणून लिहितोय.

मी शहापूरच्या भातगिरणीत हमाल होतो, शाळा चौथीपर्यंत. ती हायस्कुलात शिपाई. व्हरांडा झाडता झाडता विज्ञानाचा तास दाराबाहेरून ऐकायची. आमच्या गिरणीत नवा गडी आला की त्याच्यापुढे तुसाचं, म्हणजे भाताच्या टरफलांचं हलकं पोतं टाकायचं आणि तांदळाचं आहे म्हणून सांगायचं, अशी रीत होती. तो बिचारा सगळा जोर लावायचा, पोतं भसकन वर यायचं आणि गडी उताणा. मी हे घरी हसत हसत सांगितलं, तर ती म्हणाली, हे पुस्तकात आहे. जोर तेवढाच आणि वस्तू हलकी, तर तिचा वेग जास्त झपाट्याने वाढतो. त्याला सर त्वरण म्हणतात. मी म्हटलं, "मास्तरीणबाई, मग उद्यापासून पोती तुमीच उचला." तर म्हणते, "उचलीन. तुमी झाडू घ्या, जरा अक्कल येईल."

मग आजार आला. खाणं तुटलं, वर्षभरात बाई निम्मी झाली. रोज बघत होतो, पण माझ्या हातांना ते कळलंच नव्हतं... त्या दिवशी दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती. मी खाली हात घातले आणि सवयीने कंबरेतून जोर दिला. ती अशी वर आली, की मला आवरेना. खाट दाराला लागूनच, चौकटीवर ठक्कन आवाज झाला. तिने डोकं चाचपलं. मग हळूच म्हणाली, "जोर पोत्याचा लावलात हो. मी कुठं तेवढी उरलेय?"

ती गेल्यावर डॉक्टरांना मी तीनदा विचारलं. आजार पोटातला होता, त्या लागण्याचा काही संबंध नाही, असं त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं. मला ते पटलं. हातांना पटत नाही.

तिरडीला खांदा द्यायला गिरणीतलेच चौघे आले. बेतानं उचला, असं मी दोनदा म्हणालो. म्हातारा रडतोय म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. उचलली, तशी तिरडी झटक्यात त्यांच्या छातीपर्यंत आली. चौघे एकमेकांकडे बघत राहिले...

रविवारी मुरबाडहून लेक आली. खाटेवरची आईची गोधडी धुऊन टाकते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे गो. तिला वाटलं, माया. माया आहेच. पण ती गोधडी उचलली आणि हातात काहीच वजन आलं नाही तर, याची मला भीती वाटते. म्हणून मी खाली जमिनीवर झोपतो.