मुक्कामी अंगठा

बास गिटार वाजवणारा माणूस कोणाला ऐकू येत नाही, आणि मी ती नेमकी याच कारणासाठी निवडली होती.

आमच्या कारध्यात भीमगीतांचा एक संच आहे. कीबोर्डवर विलासदादा, तेच आमचे प्रमुख. एक ढोलकीवाला, एक ऑक्टोपॅडवाला, आणि मागच्या कोपऱ्यात बास घेऊन मी. भंडाऱ्याच्या एका कचेरीत दिवसभर फायली लावणारा माणूस स्टेजवर जेवढा लपू शकतो, तेवढा मी लपलो होतो. चार जाड तारा, त्यांवर बोटांनी हळूच डुं... डुं... चुकलं तरी लोकांना वाटायचं, वैनगंगेच्या पुलावरून ट्रक गेला! (त्या पुलाचे माझ्यावर फार उपकार आहेत.)

माझ्या या सुखाला लेकीचीच दृष्ट लागली. प्रज्ञा अकरावीत आहे. यंदा जयंतीच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा स्टेजवर गाणार होती.

"पप्पा, दोन कडव्यांच्या मधात सगळे थांबतीन. फक्त तुमचा बास. आठ मात्रा. अन् तोबी स्लॅप पाह्यजे!"

"म्हंजे?"

तिनं मोबाइल समोर धरला. पडद्यावरचा माणूस अंगठ्याच्या कडेनं तारेवर फटका मारत होता, अंगठा लगेच उसळून वर, आणि तेवढ्यात पहिलं बोट खालच्या तारेला आकड्यासारखं ओढून सोडून देई. टण्ण! पट्ट! टण्ण-टण्ण पट्ट!

"आठ मात्रा झाल्या का मी सूर उचलनार," प्रज्ञा म्हणाली. "तुमचं चुकलं तं मी गेली, पप्पा."

बापाला आणखी काय सांगावं लागतं? मी त्याच दिवशी सुरुवात केली.

तीन आठवडे अंगठा तारेवर आपटला. फटका बसायचा, पण अंगठा काही तिथून हलायचा नाही. तारेवरच बसून राहायचा, आणि तार काय करणार बिचारी? आवाज यायचा 'थप्प'. बायको, सुषमा, दोनदा बाहेरचं दार उघडून पाहून आली. "अजी, कोन दार ठोकून राहिलं?" अंगठा सुजला, त्याला पट्टी बांधून कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "दारात सापडला का?" मी हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते जास्त इज्जतीचं होतं.

जयंतीच्या चार दिवस आधी आसगावहून सासूबाई आल्या. वस्तीच्या जेवणात लंब्या रोट्या त्यांच्याच हातच्या हव्यात, असा सगळ्यांचा हट्ट होता. लंबी रोटी म्हणजे पोळपाट-लाटण्याचं काम नव्हे. सैलसर कणकेचा गोळा परातीत आपटून आपटून दोरीसारखा लवचीक करायचा, मग या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत झुलवत तो धोतराएवढा पसरायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झोक्यात टाकायचा. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढं, पण ती रोटी त्यांच्या हातावर अशी नाचते की बघणाऱ्यानं भूक विसरावी. मी तर त्यांचा हात पाहायला म्हणूनच चुलीशी बसतो.

पण सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही हो! जुन्या वळणाची बाई. जावयाला मान द्यायचा म्हणजे त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकोणीस वर्षं झाली लग्नाला. मी समोर बसलेलो असलो तरी त्या पदर पुढं ओढून सुषमाला म्हणणार, "जवायाले विचार, भात वाढू का?" मी सुषमाला सांगणार, "नको म्हण." मधे सुषमा. तिचा जन्म टेलिफोन खात्यात जायला हवा होता.

दोन दिवस त्यांनी स्वयंपाकघरातून माझं थप्प-थप्प ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"सुषमा वो, जवाई त्या तारेले मारून राहिले का कुरवाळून राहिले?"

"आई, त्यायचा अंगठा चिकटून राह्यते."

"राहीनच! जवाई आसगावले आले का आठ दिवस हालत नाही. अंगठाबी मालकावरच गेला!" प्रज्ञा हसून हसून आडवी झाली. सासूबाईंनी परातीतल्या कणकेवर हात आपटला आणि तो विजेच्या झटक्यासारखा वर घेतला. "सांग त्यायले. हात जाते अन् येते. जाचं, भेटाचं, वापस याचं. चहाले थांबाचं नाही."

एवढं सोपं मला मोबाइलवाल्यानंही सांगितलं नव्हतं. मी गिटार अंगणात चुलीपाशीच आणली. त्या कणीक आपटत, मी तार. दहातला एखादा फटका टण्ण लागू लागला. माझी छाती दोन इंच फुगली, आणि इथंच माती खाल्ली.

जयंतीच्या दुपारी अंगणात चूल पेटलेली. दोन तासांवर कार्यक्रम. मी म्हटलं, मनगट आता तयार आहे, एक रोटी आपणही टाकून पाहू! गिटार निंबाला टेकवली, गोळा उचलला, झुलवला, पसरवला. सुषमा ओरडली, "अजी, राहू द्या नं!" मी झोका दिला. रोटी मडक्याकडे गेली. मडक्यावरून गेली. आणि निंबाला टेकलेल्या गिटारीवर वरपासून खालपर्यंत व्यवस्थित पसरली!

सगळ्या तारा कणकेत. पांढऱ्या ड्रेसमध्ये तयार होऊन आलेली प्रज्ञा तशीच उभी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई उठल्या. जावयाला तर रागावता येत नाही, म्हणून त्यांनी गिटारीलाच धरलं. "काहून वो, तुले अक्कल नाही का? चुलीपाशी कोनी बसते का असं? घरच्या मानसाची नजर नोती का तुह्यावर?" मी मान खाली घालून गिटारीच्या वतीनं ऐकत होतो. बोलता बोलता त्यांनी मूठभर कोरडं पीठ घेतलं आणि तारेतारेवर चोळलं. हाताची कणीक काढतात तशी ओली कणीक गोळी होऊन गळू लागली. अर्ध्या तासात चारही तारा मोकळ्या! निघाली का पाहायला त्यांनी सहज अंगठा मारला.

टण्ण!!

"आजी!" प्रज्ञा किंचाळली. मी तीन आठवड्यांत एकदाही असा फटका मारला नव्हता.

संध्याकाळी स्टेज. प्रज्ञानं पहिलं कडवं असं गायलं की मी माझी बोटं विसरता विसरता राहिलो. मग सगळे थांबले. विलासदादांनी माझ्याकडे मान हलवली. मी अंगठा मारला.

थप्प.

अंगठा तारेवर. मी जागच्या जागी. प्रज्ञा माइक धरून माझ्याकडे बघतेय. पुलावर त्या वेळी एक ट्रकही नव्हता! आणि पहिल्या रांगेतून, पांढऱ्या लुगड्याचा पदर मागं सारून, सासूबाई उभ्या राहिल्या.

"जवाई! उचला तो अंगठा! तिथं काय जेवाचं हाय तुमाले?"

एकोणीस वर्षांतलं माझ्याशी त्यांचं हे पहिलं वाक्य, आणि ते अख्ख्या कारध्यानं ऐकलं. दचकून अंगठा आपोआप उडाला. टण्ण! सासूबाईंचे दोन्ही हात हवेत न दिसणारी रोटी झुलवू लागले, इकडून तिकडे, अगदी तालात, आणि मी त्या हातांवर डोळे लावून वाजवत गेलो. टण्ण, पट्ट, टण्ण-टण्ण पट्ट! आठवी मात्रा पडली आणि प्रज्ञानं हसत हसत सूर उचलला. टाळ्या पडल्या त्या पोरीला आणि तिच्या आजीला. माझ्या वाट्याला काही आल्या नाहीत, पण त्या दोघींना पाहून मला एवढा अभिमान वाटला की मी शेवटचं कडवं चुकीच्या तारेवर वाजवलं. (तोवर पुलावर ट्रक आला होता.)

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना सासूबाईंचा पदर परत पुढं आला. "सुषमा, जवायाले सांग, वाजवनं बरं होतं."

तेव्हापासून मी आसगावला सकाळी जातो आणि चहालाही न थांबता दुपारी परत येतो. सासूबाई फोनवर सुषमाला विचारतात, "जवाई आजकाल थांबत काहून नाही वो?" सुषमा मला विचारते. आता मी काय सांगणार? आम्हा दोघांपैकी निदान एकाला तरी वेळेवर उठायला जमलं पाहिजे, आणि अंगठ्याचा मुक्काम अजून तारेवरच आहे.