ग्राउंडवर मांडव नाही

"अहो, एवढ्या पगारात दोन प्राध्यापक आले असते की!"

कॉलेजच्या ऑफिसातून, खिडकीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी ओळखपत्राच्या रांगेत उभी होते, आणि ज्यांच्या पगाराबद्दल ते बोलणं चाललं होतं त्या बरोबर माझ्या मागे होत्या. लाज मला वाटली. त्या मात्र वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन कशाला, तीन येतील. फक्त त्यातला फुटबॉल कोण शिकवणार, ते पण ठरवून ठेवा." खिडकीपलीकडे एकदम सगळ्यांना कामं आठवली.

आमच्या घरात आणि शाळेत, दोन्हीकडे मुलीनं स्वतःबद्दल हळू बोलावं असं शिकवलेलं. बक्षीस मिळालं तरी "काही विशेष नाही" म्हणायचं. या बाई स्वतःची किंमत अशी सांगायच्या, जसं कुणी दुकानदाराला बुटाचा नंबर सांगावा. त्यात गर्व नव्हता आणि संकोचही नव्हता. "मी महाग आहे," त्या म्हणायच्या. "आणि महागाची वस्तू घेतली की माणूस ती नीट वापरतो."

बाई हा शब्द मी लिहिला, पण तो त्यांना चालत नसे. मॅडमही नाही. "कोच म्हणायचं," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. त्या कोल्हापूरच्या, पेठेत चेंडूमागे पळत वाढलेल्या. आमच्या मुलींच्या संघासाठी त्यांना आणायचं संस्थेच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं. अध्यक्षांना सगळं सोलापूर आप्पा म्हणतं. विद्यापीठाच्या सामन्यांत आपल्या पोरी पहिल्याच फेरीत घरी येतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

मुलाखतीला संघातर्फे दोघींना बसवलं होतं. एक आमची कॅप्टन श्रावणी आणि दुसरी मी, गोलकीपर. श्रावणी कॅप्टन म्हणून. मी काही बोलणार नाही याची सगळ्यांना खात्री होती म्हणून. मुलाखत घेतली मात्र कोचनीच. चहा समोर आला तसा बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "आधी ग्राउंड दाखवा." भर उन्हात बूट काढून त्या अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. आप्पा डोक्यावर रुमाल धरून मागे मागे. माझ्या गोलसमोर त्यांचा पाय घोट्यापर्यंत एका खड्ड्यात गेला.

"हे काय?"

"मांडवाच्या खांबाचं असेल," आप्पा म्हणाले. "लग्नसराईत देतो की आपण ग्राउंड. लोकांची सोय होती."

"इथं पोरीचा पाय मोडला, तर कुणाची सोय होते?"

मग तिथंच उभं राहून त्यांनी अटी सांगितल्या. पगार सांगितला, तेव्हा प्राचार्यांनी आप्पांकडे पाहिलं. सरावाच्या वेळी कुठलाही कार्यक्रम नाही, संघ निवडताना कुणाचा फोन नाही. आणि शेवटची अट, "ग्राउंडवर मांडव नाही. ज्या दिवशी घालाल, त्या दिवशी मी कोल्हापूरच्या गाडीत." आप्पा हसले, "बरं बरं, राहिलं!" म्हणाले. आमच्याकडे असं हसून दिलेलं 'राहिलं' कुणी फार मनावर घेत नाही. कोचनी घेतलं.

पहिला आठवडा आम्ही चेंडूला पाय लावला नाही. घमेली उचलून मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून जमीन सपाट केली. "कोच लई खडूस हाय गं," श्रावणी कुरकुरली. तिच्या घरी तेलुगू बोलतात, पण वैतागली की ती अस्सल सोलापुरी होते. "आपण खेळायला आलोय का रस्ता करायला?" कोचच्या कानांना काहीही ऐकू यायचं. "खुळे, जी जमीन आपण केली तिच्यावर पडायला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या. हे खरं निघालं. त्याआधी मी कधी उडी मारून चेंडू अडवला नव्हता. नुसती हात पसरून उभी राहायचे.

मी गोलमध्ये गेले तेच मुळी तिथं कुणाशी बोलावं लागणार नाही असं वाटलं म्हणून. इंग्रजी शाळेतून आलेली. मराठी वाक्य आधी मनात जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत बाकीच्या पुढच्या विषयावर. कोचनी मला एकदाही "ओरड" म्हटलं नाही. सराव संपला की माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसायच्या. "तू सगळ्यात मागं. तुला सगळं दिसतं. आज काय दिसलं?" मी हळूच सांगायचे, की डावीकडची दमली की आत सरकते, श्रावणी पास देण्याआधी खाली बघते. त्या उठून सगळ्यांना मोठ्यानं सांगायच्या, "ही काय म्हणते ऐका!" आणि माझं वाक्य माझं नाव घेऊन जसंच्या तसं. कितीतरी महिने माझा आवाज असा त्यांच्या तोंडून संघापर्यंत पोचत होता.

त्या सोप्या नव्हत्या. बार्शीला हरलो तेव्हा परतीच्या एसटीत अवाक्षर बोलल्या नाहीत आणि सात रस्त्याच्या चौकात आमच्याकडे न बघता उतरून गेल्या. श्रावणी रडली. मला त्यांचा मनापासून राग आला. दुसऱ्या दिवशी सरावाआधी त्या म्हणाल्या, "काल माझं चुकलं. बाकावरच्या रेश्माला मी मैदानात फार उशिरा उतरवलं. आणि गाडीत जे वागले ते पण चुकलं. आता तुमचं काय चुकलं ते बघू." मोठ्या माणसानं चूक इतक्या कोरडेपणानं कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्यानंतर आम्ही हरलो तेही ताठ मानेनं, आणि मग हरणं कमी होत गेलं.

त्या हिवाळ्यात विभागीय अंतिम सामना आमच्याच ग्राउंडवर ठरला. आणि त्याच आठवड्यात आप्पांच्या नातीचं लग्न निघालं.

आप्पा स्वतः ग्राउंडवर आले. प्रत्येकीच्या हातात पत्रिका दिली, अक्षता दिल्या. "सगळ्यांनी जेवायला यायचं बरं का, पोरींनो. हितंच हाय, लांब कुटं जायचं न्हाय." त्यांच्या मागून मांडववाल्याचा टेम्पो आत आला. माणसं बांबू उतरवू लागली. एकानं पहार घेतली आणि थेट माझ्या गोलसमोर गेला.

कोचनी शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत ठेवली. "आप्पा, ठरलं होतं."

"घरचं कार्य हाय, बाई."

"कोच."

"बरं, कोच. एका दिवसाचा मांडव. दुसऱ्या दिवशी माणसं लावून खड्डे बुजवतो."

"शिकवायला कमी पैशात माणसं मिळतात, आप्पा. माझ्याकडून ठरलेलं मोडत नाही, त्याचे मी जास्त घेते. तुमच्याकडून मोडलं, तर मी निघाले." त्यांचा आवाज चढला नाही. त्या पायरीवर बसून बूट काढू लागल्या.

आप्पा दुखावले होते. ते वाईट माणूस नव्हते. नातीच्या लग्नाला कुणी नाही म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते आमच्याकडे वळले. "तुमीच सांगा पोरींनो. एका मांडवानं काय बिघडतंय? कोच काय, दुसरी आणू की. ह्याच्यापेक्षा गोड बोलणारी."

सगळ्या श्रावणीकडे बघू लागल्या. श्रावणी हातातल्या अक्षतांकडे बघत राहिली. तिचे वडील आप्पांच्याच कारखान्यात चादरी विणतात. तिनं गप्प राहणं मला तेव्हाही समजलं, आजही समजतं. कोचनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या वेळी माझं वाक्य त्या बोलणार नव्हत्या.

पुढे दोन हंगाम त्या आमच्याकडे राहिल्या आणि मग आणखी मोठ्या पगारावर दुसऱ्या राज्यात गेल्या, हे सांगून टाकते. निघताना रडल्या नाहीत, आम्हालाही रडू दिलं नाही. गाडी हलेपर्यंत खिडकीतून रेश्माला डावा पाय कसा टाकायचा ते सांगत होत्या. पण त्या संध्याकाळी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. पहार वर गेली होती. मी वाक्य मनात जुळवलं नाही. आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला, पहारवाला तसाच थांबला, आणि मी म्हणाले,

"आप्पा, लग्न कुठंही असू दे, आम्ही सगळ्या येऊ. पंगतीत वाढायलाही उभ्या राहू. पण मांडव दुसरीकडे घाला. कोच गेल्या, तर आमच्यातली एकही इथं खेळणार नाही."