पहिला घोट

माझ्या धाकट्या भावाला त्याच्याच खोलीतल्या माणसाने मारले. दुबईच्या देरा भागातल्या त्या खोलीत सहाजण राहत. मारणारा आमच्याच तालुक्यातला, वेल्डर. दोघांचे पलंग वरखाली होते.

भाऊ दर रविवारी शारजाला माझ्याकडे जेवायला येई. एरवी व्हॉइस मेसेज पाठवी. तो गेल्यावर मी ते पुन्हा एकेक करून ऐकले. त्यातला एक, त्या वेल्डरबद्दलचा, असा:

"ताई, हा चार दिवस झोपला नाही. म्हणतो, पाण्यात विष घालतात. आता प्रत्येक बाटलीतला पहिला घोट मी पितो, मग महाराज पितात!" इथे तो हसतो. मग आवाज उतरतो. "कुणाला बोलू नकोस हं. कंपनीला कळलं तर खलास. व्हिसा रद्द करून घरी पाठवतील."

खोलीतले सगळे त्याचे दुखणे असेच झाकत होते. तो कामावर गेला नाही की ताप आला म्हणून सांगत. मीही "डॉक्टरकडे ने" एवढेच म्हटले आणि गप्प राहिले.

खटल्यात आरोपीचा मराठी वकील मला भेटला. त्याने सांगितले, मन पूर्ण ताब्यात नव्हते हे सिद्ध झाले, तरी गुन्हा खुनाचाच राहील, पण शिक्षा कमी होईल. खोलीतले कुणी बोलायला तयार नव्हते. प्रत्येकाला आपल्या व्हिसाची धास्ती. पुरावा होता तो माझ्या फोनमध्ये.

ते मेसेज मी वकिलाला देणार, असे आईला फोनवर सांगितले.

"तू माझ्या लेकाची बहीण की त्या मेल्याची वकील?"

"आई, आवाज तुझ्याच लेकाचा आहे."

तिने फोन ठेवला. आठवडाभर उचलला नाही.

मी त्या माणसाला माफ केलेले नाही. पण तो आजारी होता हे माझ्या भावाला ठाऊक होते, आणि भावाचे म्हणणे दडवण्याचा हक्क मला नाही.

अरबी भाषांतरासाठी सगळे मेसेज मी स्वतः मराठीत उतरवले. तीन संध्याकाळी लागल्या. वकिलाने कागद वाचले. "कुणाला बोलू नकोस, हे वाक्य गाळलं तरी चालेल, मॅडम. उगाच तुम्हालाही विचारतील, तुम्ही का नाही बोललात."

"विचारू दे," मी म्हटले आणि प्रत्येक पानावर सही केली.